दुपारची झोप

अड्याळच्या समाजमंदिरात बंडखोर चित्रांचं प्रदर्शन लागायचं होतं. आलेल्या प्रत्येक चित्रात उगारलेली मूठ होती. एकानं तर धानाच्या लोंबीलाही मूठच आणली होती. हर्षानं मात्र आपल्या आजीचं चित्र आणलं. धानाच्या बांधीत बाया वाकून रोपं लावत भाताचा रोवणा करताहेत आणि आजी, सुमनबाई, शेताच्या कडेला धुऱ्यावरच्या झाडाखाली पायावर पाय टाकून गाढ झोपली आहे.

संयोजक अंकुशनं चित्र जवळून पाहिलं, लांबून पाहिलं.

"हात चांगला हाये तुहा. पण यात विद्रोह कुठी हाये?"

"आजी झोपली हाये ना, भाऊ."

"तेच म्हणून राहिलो. उठव तिले. हातात मशाल दे."

"भर दुपारी?"

"मशालीले दिवस-रात्र नसते. नाही तर चित्र वापस ने."

सुमनबाई नातीसोबतच आली होती. अंकुशनं तिला वाकून जयभीम केला. "आजी, तुमी तर चळवळीतल्या. तुमीच समजावा हिले."

सुमनबाई चित्राकडे पाहतच राहिली. "मालकाच्या बांधीत रोवणा करता करता मी एकडाव अशीच लवंडली होती. त्यानं लाथ मारून उठवलं. हर्षा, तुह्या आज्यानं त्याच दिवशी साऱ्या बाया बांधीतून बाहेर काढल्या. आपली चळवळ तेथून सुरू झाली."

"मंग हेच काढाले पायजे होतं ना!" अंकुश खूश झाला. "लाथ, मोर्चा, मूठ!"

"थांब ना बाबू," सुमनबाई म्हणाली. "त्यानं लाथ मारून उठवलं होतं. तू मशाल देऊन उठवून राहिला."