फाटकाची तार

पहिलं वेल्डिंग मशीन निवडणं हा आयुष्यातला सर्वांत गंभीर निर्णय असतो, असं निवृत्त मास्तरांचं मत होतं. बायको त्यांनी अर्ध्या तासात पसंत केली होती. मशीनला आठ महिने लागले. तोवर शेताचं मोडकं फाटक तारेने बांधलेलं होतं, आणि सगळं विसरत चाललेली बायको ती तार सोडून "आईकडे जाते" म्हणत रस्त्यावर निघायची. "बाबा, एखादा वेल्डर बोलवा ना!" लेक करवादायची. "आपल्या फाटकाला परका हात कशाला? अजून एक दुकान बघतो." अखेर मास्तरांनी पहिल्या दिवशी पाहिलेलंच मशीन घेतलं. "सुटलात, मास्तर!" दुकानदार हसला. "आता वहिनी कशा निसटतात बघू!" मास्तरांनी खिशातली तार काउंटरवर ठेवली. दोन दिवसांपूर्वी बायको ट्रकखाली सापडली, तेव्हा ही तार तिच्या मुठीत होती. मशीन घरी आलं त्या दुपारी फाटक जोडायला मास्तरांना मोजून वीस मिनिटं लागली.