हरणारा बाबा

पंजा लढवताना बाबा पुन्हा हरला. हात टेबलावर आपटला, "मोडलं, मनगट मोडलं माझं!" म्हणून बोंब ठोकली आणि खुर्चीवरून घसरून थेट फरशीवर बसला. आत्यानं टाळ्या वाजवल्या. पलीकडच्या खाटेवरच्या बाळाची आजीसुद्धा खुदकन हसली.

हसली नाही ती एकटी फटाकडी, त्याची लेक. जेवणाचं सरकतं टेबल तिच्या खाटेवर आडवं होतं आणि त्यावर तिचं उजवं कोपर अजून तसंच रोवलेलं होतं. डाव्या हाताला सलाईनची सुई, डोक्यावर केसाचा पत्ता नाही, वय आठ. पण बाबाकडे ती बघत होती पोलिसानं भुरट्या चोराकडे बघावं तशी.

"तू मुद्दाम हरलास."

"मुद्दाम? अगं, बघ तरी, लाल झालंय!"

"थापा मारू नकोस. बेकरीत सगळ्यांना पाडतोस तू."

रोज पोत्यानं मैदा मळणारे हात ते. पंजा लढवायला आलेल्या भल्याभल्यांना त्यानं पाणी पाजलं होतं. घरी लेकीलाही सूट नव्हती. "फुकट जिंकायचं नाही," म्हणत तो तिचा हात धाडकन पाडायचा, आणि ती लालबुंद होऊन त्याच्या पाठीत गुद्दे घालायची. तिच्या पोटात गाठ निघाली, आणि त्या दिवसापासून बाबा जो हरत सुटला तो हरतच होता.

"दुपारी ऑपरेशन आहे ना," तो चाचरत म्हणाला. "म्हटलं, आज तू जिंकलेली बरी."

फटाकडीनं खिडकीकडे पाहिलं. तिथली खाट कालपासून रिकामी होती. चादर नवी, ताणून बसवलेली.

"तो दादाही रोज जिंकायचा," ती म्हणाली. "पत्त्यांत. त्याची आई हरायची, मामा हरायचा. शेवटी शेवटी तर डॉक्टरपण हरायला लागले." तिचा आवाज बारीक झाला. "बाबा, मी पण तशीच जिंकतेय का?"

गाठ औषधांनी बरीच आटलीय, पूर्ण निघेल असं वाटतं, हे डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं. वाटतं! नुसत्या वाटण्यावर पोरीला शब्द कसा द्यायचा?

"काहीतरीच काय बोलतेस गं, वेडी कुठली," आत्या घाईघाईनं म्हणाली.

"आत्या, तू थांब. बाबा, खरा लढ."

त्यानं बायकोकडे पाहिलं. ती खाटेच्या पायथ्याशी उभी होती, पोरीचे मोजे हातात घेऊन. शाळेची बस चालवणारी बाई, बसभर पोरांचा कल्ला एका हाकेत बंद करणारी. आज सकाळपासून तिच्या तोंडून अक्षर निघालं नव्हतं.

"माझ्याकडे काय बघताय?" ती म्हणाली. "पाडा तिचा हात."

बाबानं खुर्ची पुढं ओढली, पंजात पंजा घातला. एवढासा तो हात. हळूच दाबावा आणि अलगद खाली ठेवावा, असं त्याच्या मनात होतं. त्यानं दाबला.

हात हलला नाही.

त्यानं जरा जोर लावला. हात थरथरला, कलला आणि परत सरळ उभा राहिला. फटाकडीनं ओठ दाताखाली धरला होता, मानेची शीर तट्ट फुगली होती. बाबा चक्रावलाच. अरे, हा जोर आला कुठून? आणि मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जोर होताच की! तूच गाढवासारखा रोज आधीच आडवा होत होतास, तुला कळणार कुठून? त्याला हसू फुटलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. डोळे पुसायलाही सवड नव्हती, कारण पोरगी दाबत होती.

"लाव! लाव जोर!" तो ओरडला.

"लावतेय ना!"

"अजून लाव!" हे आई ओरडली.

आणि मग बाबानं, त्या बेकरीतल्या बाबानं, तिचा हात धाडकन टेबलावर पाडला. टेबलावरची रंगपेटी उडून खडू फरशीभर सांडले. आत्यानं डोळे गच्च मिटून घेतले.

"हरले!" फटाकडी किंचाळली. "आई, मी हरले! खरी हरले!"

सिस्टर धावत आल्या. "अहो, काय चाललंय काय? आता हिला ऑपरेशनला न्यायचंय!"

"सिस्टर, बाबानं मला हरवलं!" वर्गात पहिला नंबर आल्यासारखं ती सांगत होती. आईनं हातातले मोजे डोळ्यांना लावले.

ऑपरेशन लांबलं. बाबा बाहेरच्या बाकावर मनगट चोळत बसला होता. आता मात्र ते खरंच दुखत होतं. कुणी विचारलं की "पोरीनं पिरगाळलं," असं तो ऐटीत सांगत होता, आणि सांगून झालं की पुन्हा दाराकडे बघत होता.

डॉक्टर बाहेर आले ते डोक्यावरची टोपी काढत, हसत.

"निघाली," ते म्हणाले. "पूर्ण निघाली."

संध्याकाळी फटाकडीनं डोळे किलकिले केले. ओठ कोरडे पडले होते, अंगाला नळ्याच नळ्या. तिनं उजवं कोपर तेवढं गादीवर टेकवलं आणि पंजा उघडला.

"अरे, आज तरी हर रे," आत्या कळवळली.

"छे!" बाबा म्हणाला. त्यानं आपलं कोपर तिच्या कोपराशेजारी रोवलं आणि एका बोटानं तिचा हात अलगद गादीवर पाडला.

डोळे मिटता मिटता फटाकडी हसली.

"उद्या बघते तुला," ती म्हणाली.