पोथीचं कापड

श्रावणी सोमवारी माझं मौन असतं. “बरं झालं वं आई, आज तुझी कटकट नाही,” विमान चालवताना लेक हसली. लायसन्स मिळाल्यापासून सरावाला तिला मीच शेजारी लागते. मनात येईल तेव्हा पोथीचं कापड तिच्या मोठ्या स्क्रीनवर टाकायचं, एवढंच माझं काम. मग स्क्रीन बंद पडली असं धरून ती खालच्या तीन छोट्या तबकड्यांवर विमान सांभाळते. सावनेरवरून परतताना ढगात शिरलो आणि स्क्रीन आपोआपच काळी पडली. “काहून बंद पडली ही?” ती बटणं दाबत राहिली. विमान कलू लागलं, तबकडीतली क्षितिजाची रेघ तिरपी झाली. तिची नजर काळ्या स्क्रीनवरून हटेना. मौन मोडून ओरडणार होते, पण त्याआधीच हात पोथीकडे गेला. मी कापड स्क्रीनवर धरलं. सवयीनं तिचे डोळे खाली गेले, रेघ आडवी झाली. धावपट्टीवर चाकं टेकली. “आई, सोड आता ते कापड.” माझा हात हलेना.