बारीक काम

बहात्तर साली रेडिओचा कारखाना आला आणि पाहता पाहता वाडीचं शहर झालं. ट्रकांच्या गोदामांमागे भाड्याच्या खोल्या उठल्या आणि त्यांत पाळीवर जाणाऱ्या पोरी राहू लागल्या. काटोलची प्रेमिला त्यांतली पहिली. भिंगाखाली केसासारख्या तारा जोडण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

नऊ वर्षांनी कारखान्याच्या डॉक्टरनं तिचे डोळे तपासले. दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं बोलावून सांगितलं, "प्रेमिलाबाई, तुमची नजर आता या कामाची राहिली नाही. उद्यापासून येऊ नका."

प्रेमिलाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "साहेब, मी आली तेव्हा एका झटक्यात सुईत दोरा ओवत होती. माझे डोळे तुमच्याच रेडिओत गेले. आता मले हाकलून राहिले काहून?"

"नियम आहे," एवढंच म्हणून साहेबानं समोरचा दुसरा कागद ओढला.

ती दार आपटून बाहेर आली. व्हरांड्यात नव्या भरतीच्या पोरींची रांग लागली होती. चेहरे तिला धूसरच दिसत होते, तरी ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "घरी जा पोरीहो! डोळे खातात हे लोक!"

पोरी चुळबुळल्या, पण रांग सोडून एकही हलली नाही.



मग रांगेतून तिच्या धाकट्या बहिणीचा दबका आवाज आला, "हळू बोल वं ताई! तुझी बहीण म्हणूनच तं घेऊन राहिले मले."