पेत्रोना आजीचे गुरुवार

"नाव राहू दे," पेत्रोना आजी म्हणाली. "कुठं आहे ते दाखव."

एक्स-रे बघायच्या दिव्याच्या पेटीवर कुणाच्या तरी हाताचा फोटो टांगलेला होता, धुक्यातल्या झाडासारखा. डेल्मीनं त्यातल्या हाडाचं नाव अचूक सांगितलं होतं. पण आजीनं आपलं सुरकुतलेलं मनगट पुढे केलं आणि तेच हाड डोळे मिटून बोटांनी शोधायला लावलं. सापडेपर्यंत मनगट मागे घेतलं नाही.

दर गुरुवारी दुपारी हे असंच चाले. पेत्रोना किआकाइन ही सरोवरापलीकडच्या सान पेद्रोची हाडवैदीण. शाळेची पायरी तिनं चढली नव्हती. तरुणपणी एक म्हातारा तिच्या स्वप्नात आला, पाण्याच्या काठी बसला आणि माणसाचा अख्खा सांगाडा एकेक हाड करून त्यानं तिच्या ओटीत मांडला. सकाळी ती उठली तेव्हा तिच्या हातांना सगळं येत होतं. त्यानंतर चाळीस वर्षं तिनं गावाची मोडलेली हाडं बसवली. आणि आता सत्तरीत ही बाई लाँचनं सरोवर ओलांडून, डोंगर चढून, इस्पितळात एक्स-रे बघायला येत होती. एक्स-रे खात्याचे प्रमुख आर्नुल्फो तिला विचारत, आजीबाई, डॉक्टर व्हायचा बेत आहे की काय. ती हसून पेटीजवळचं स्टूल ओढून घेई.

परीक्षा खरी होती ती डेल्मीची. ती एक्स-रे काढायला शिकत होती आणि शरीररचनेत एकदा नापास झाली होती. दोनशे सहा हाडं तोंडपाठ, पण फोटो समोर आला की तिला नुसतं करडं धुकं दिसे. यंदाही नापास झाली तर घरी परतून आईबरोबर मक्याच्या पोळ्या थापायच्या, हे ठरलेलं होतं.

आजी आल्यापासून ते धुकं हळूहळू विरत गेलं. पंजा उलटा केला की कोपराखालची दोन हाडं एकमेकांवरून कशी सरकतात, हे डेल्मीला स्वतःच्या हातात जाणवू लागलं. बसमध्ये शेजारच्या बाईचा खांदा टेकला तरी त्याच्या आतली हाडं उजळलेली दिसत. झोपेत हाडं येत, नितळ पाण्याच्या तळाशी दिसणाऱ्या गोट्यांसारखी.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी अवाकाडो विकणारी एक बाई लाँचच्या धक्क्यावर घसरून पडली आणि मनगट धरून इस्पितळात आली. आर्नुल्फोंनी फोटो पाहिला. काही मोडलेलं नाही, पट्टी बांधा आणि पाठवा, असं सांगून ते वळले.

बाईचा चेहरा पांढराफटक पडला होता. डेल्मीचं मन मानेना. तिनं आजीला हळूच विनवलं, तुम्ही एकदा हात लावून बघा.

आजीचे हात शालीतच राहिले. "तू बघ."

डेल्मीनं डोळे मिटले. अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा असतो, तिथं तिचं बोट थांबलं. बाईनं श्वास आत ओढला. तिथं नावेच्या आकाराचं एक इवलंसं हाड असतं. डेल्मीला ते दिसलं. मधोमध आडवी, केसाएवढी भेग पडलेलं.

तिनं कुणाला न विचारता बाईचा हात तिरका ठेवून दुसरा फोटो काढला. भेग तिथंच होती. आर्नुल्फोंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, बराच वेळ पाहिलं आणि मग ते स्वतःच डॉक्टरांना बोलवायला गेले.

डेल्मी आजीकडे वळली. तुम्हाला तर आधीच कळलं असतं, मग हात का नाही लावलात, तिनं विचारलं.

आजीनं शालीतून हात बाहेर काढले. बोटांच्या टोकांवर भाजल्याचे जुने-नवे डाग होते.

"साखरेच्या आजारानं बोटं मेलीत माझी. दोन वर्षं झाली. तापलेला तवा लागला तरी कळत नाही." ती दिव्याच्या पेटीकडे बघून जराशी हसली. "त्या फोटोतलं मला काय कळतंय, पोरी? मी तुझी बोटं बघायला येत होते."