रक्तात न सापडलेला मासा

या, थोडं पुढे सरका. एका बापलेकीची गोष्ट सांगतो. चुलीवरचं दूध उतू जायच्या आत संपेल.

प्रयोगशाळेतली ताई नव्या यंत्रावर चिडली होती. पडद्यावर जिथे उंच टेकाड यायला हवं, तिथे मुंग्यांच्या वारुळाएवढा उंचवटा दिसत होता. सकाळपासून हेच.

ताईचं काम रक्तातले मेद तपासण्याचं. रक्तातल्या तांबड्या पेशीभोवती जे पटल असतं, ते मेदाच्या रेणूंच्या दोन ओळींचं. डोकी पाण्याकडे, शेपट्या पाण्याला पाठ फिरवून आतल्या बाजूला. प्रत्येक शेपटी म्हणजे कार्बनची एक साखळी. काही काठीसारख्या ताठ, काही मध्येच वाकलेल्या. ताई या शेपट्या सोडवून घ्यायची. यंत्र त्यांना तापवून एका लांबलचक बारीक नळीतून पळवायचं, आणि जी जशी बाहेर पडेल तिचं टेकाड पडद्यावर काढायचं. सगळ्यांच्या शेवटी यायची ती सर्वांत लांब, सहा ठिकाणी वाकलेली साखळी. ती येते माशातून. पुष्कळसे मेद देह घरच्या घरी घडवतो, पण हिच्यापुढे त्याचे हात तोकडे पडतात. देवाने काही गोष्टी अशाच ठेवल्या आहेत. कितीही कर्तबगार असा, त्या दुसऱ्या कुणाकडून याव्या लागतात.

यंत्र पारखायला नेमाने मासे खाणाऱ्या माणसाचं रक्त हवं होतं. ताईने आपल्या वडिलांचं घेतलं.

आई गेल्यापासून नाना एकटे राहायचे. ताईही एकटीच, पण शहराच्या दुसऱ्या टोकाला. दर रविवारी ती बाजारातून मासे घ्यायची, साफ करून तुकडे करायची. निम्मे स्वतःला ठेवायची, निम्मे नानांच्या दारात पोचते करायची आणि खाली थांबवलेल्या रिक्षाने परत फिरायची. रात्री फोन असायचा.

"खाल्लात का?"

"खाल्ला की. अजून बोटं चाटतोय."

वर्षभर हे असंच चाललं होतं. याहून खात्रीचं रक्त ती कुठून आणणार?

तिने नळी बदलली. नमुना पुन्हा पहिल्यापासून तयार केला. टेकाड काही येईना. शेवटी यंत्राच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने झाकण उघडलं, सगळं तपासलं, झाकण लावलं आणि फडक्याला हात पुसले.

"यंत्र ठणठणीत आहे, ताई."

"अहो, माझ्या वडिलांचं रक्त आहे हे. दर आठवड्याला मासे खातात ते. मीच तर नेऊन देते."

"असेल. पण यंत्राला वडील नसतात," तो म्हणाला. "तुमचं स्वतःचं घालून बघा की एकदा."

तिने स्वतःचं घातलं. सगळ्यांत शेवटी, अगदी जागच्या जागी, टेकाड ताडासारखं उभं राहिलं.

ताई बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. मग तिच्या डोक्यात तिडीक गेली. यंत्र खरं होतं. म्हणजे खोटं कोण, हे कुणी सांगायला नको होतं. पर्स उचलून ती तडक नानांकडे गेली.

नानांनी दार उघडलं. "आज? आज काय रविवार आहे?"

"नाना, मी आणते ते मासे जातात कुठे?"

"कुठे जाणार, पोटात."

"तुमचं रक्त तसं म्हणत नाही."

"म्हणजे रक्तच फितूर झालं म्हणायचं," नाना हसले.

"थट्टा पुरे. कुणाला देता?"

"खालच्या वॉचमनला. त्याची बायको झकास करते म्हणे."

"मी भल्या पहाटे उठून बाजार गाठते. दिवसभर हाताचा वास जात नाही. आणि वर्षभर तुम्ही मला सरळ फसवताय?"

नाना खुर्चीवर बसले. बोलले ते गुडघ्याकडे बघत.

"तू पहिल्यांदा आणलेस ना, तेव्हा खाल्ला होता. घशात काटा अडकला. तुझी आई काटे काढून तुकडा ताटात ठेवायची, त्यामुळे मला सवयच नाही. आणि आता तर या डोळ्यांना काटे दिसतही नाहीत. तिथे ओट्यापाशी उभा होतो, श्वास कोंडलेला. पाठीत बुक्की घालायला घरात कोण? मग भिंतीवरच पाठ आपटून घेतली. दोनदा, तीनदा. निघाला एकदाचा. त्यानंतर हिंमत नाही झाली."

ताईचा राग गळून पडला, पण आवाज अजून चढलेलाच होता. "मग मला सांगायचं ना, नाना. 'मासे आणू नकोस', एवढं म्हणायला काय जात होतं?"

नानांनी गुडघ्यावरून नजर उचलली. मग म्हणाले, "आणि मासे नसते, तर रविवारी तू कशासाठी आली असतीस?"

त्या रविवारी रिक्षा खाली थांबली नाही. नानांच्याच ओट्यावर मासा शिजला. ताई चष्मा नाकावर ओढून एकेक काटा वेचून ताटाच्या कडेला ठेवत होती. नानांनी पहिला घास घेतला आणि कितीतरी वेळ चावत राहिले.

"कसा झालाय?"

"खारट," नाना म्हणाले. "पुढच्या रविवारी नीट कर."

एवढीच गोष्ट. आता घरी जाऊन पानावर बसाल, तेव्हा एक करा. ठसका लागला तर एकट्यानेच पाठ भिंतीवर आपटून घेणारं कुणीतरी तुमचंही असेल. त्याची आठवण ठेवा.