रिकामी अंगठी

थोरलीच्या अंगठीतले पराग कधीच संपले होते आणि तिला पत्ताच नव्हता.

धाकटीने ते समोरच्या ओळीतून पाहिलं. टोमॅटोच्या दोन ओळींत जेमतेम हातभर जागा, त्यामुळे बघायचं नाही म्हटलं तरी दिसतंच. क्रॉसिंगच्या, म्हणजे हाताने पराग लावायच्या कामावरच्या बायका बोटात जी अंगठी घालतात, तिला खड्याच्या जागी इवलीशी वाटी असते. वाटीत नराच्या झाडांवरून आणलेले पराग, पिवळे, हळदीसारखे. मादीच्या झाडावरच्या कळीतले पुंकेसर आदल्या दिवशीच चिमट्याने उपटून ठेवलेले असतात. सकाळी त्या फुलाच्या मधलं टोक वाटीत बुडवायचं, आणि हे झालं याची खूण म्हणून फुलाखालच्या हिरव्या पाकळ्यांतल्या दोन खुडायच्या. शेडला चारी बाजूंनी जाळी. मधमाशीला आत यायला बंदी, म्हणून तिचं काम बायकांच्या गळ्यात. यातून जे बी निघेल, ते पाकिटात बसून कुठल्या कुठे जाईल. बायका मात्र त्याच ओळीत.

थोरली फूल धरत होती, रिकाम्या वाटीत बुडवत होती, दोन पाकळ्या खुडत होती आणि पुढच्या फुलाकडे वळत होती. डोळे उघडे, पण नुसतेच उघडे.

धाकटीने आपल्या ओळीतलं पुढचं फूल धरलं. घरात मधोमध भिंत घातल्यापासून दोघी जावांचं बोलणं बंद होतं. मीठ संपलं तर अळणी खातील, पण एकमेकींकडे मागणार नाहीत.

आणि खूण केलेल्या फुलाला परत कुणी हात लावत नाही. पुढच्या आठवड्यात मुकादमीण ओळी बघायला येणार. थोरलीच्या झाडांवर फळ धरलेलं नसणार. मग तिला क्रॉसिंगवरून उचलून बाहेर खुरपायला बसवणार. थोरलीची कंबर आधीच कामातून गेलेली. उन्हात वाकून ती आठवडाही काढायची नाही.

‘बसू दे खुरपायला,’ धाकटी मनात म्हणाली. ‘मोठी आली कामाची वाघीण.’

जेवणाची घंटा झाली. बायका कंबरेवर हात ठेवत, कुरकुरत बाहेर पडल्या. थोरली ओळीच्या टोकाला उलट्या क्रेटवर टेकली, डबा मांडीवर घेतला आणि तो न उघडताच पेंगायला लागली. धाकटी दारापर्यंत गेली. चपलेत पाय घातला. काढला.

“मेलं माझंच नशीब,” असं पुटपुटत ती मागे फिरली आणि थोरलीच्या ओळीत शिरली. आपल्या वाटीत एकेक फूल बुडवत चालली. उद्यापर्यंत थांबून भागणार नव्हतं. तोवर यातली निम्मी फुलं मान टाकतील.

“माझ्या ओळीत काय करतेस गं?” मागून आवाज आला.

धाकटीने वळून पाहिलं नाही. “तुमची अंगठी बघा आधी.”

थोरलीने वाटीत बोट फिरवलं. बोट स्वच्छ निघालं. तिने ओळीकडे पाहिलं. खुडलेल्या पाकळ्यांची फुलं लांबपर्यंत दिसत होती.

“कुठपासून?”

“मला काय विचारता? राखणीला बसले होते का मी तुमच्या?” धाकटी म्हणाली. मग जरा थांबून, “तिसऱ्या खांबापासून.”

“आणि बघत बसलीस? तेव्हाच सांगायला काय झालं होतं?”

“तुमच्याशी बोलत नाही ना मी.”

थोरली गुडघ्यावर हात रेटत उठली, जवळ आली आणि तिने आपली अंगठी पुढे केली. धाकटीने कमरेला खोचलेल्या कुपीतले पराग तिच्या वाटीत टिचकीने पाडले. थोरलीने तिसऱ्या खांबापासून सुरुवात केली, धाकटी पुढून उलटी येऊ लागली. अंतर कमी होत होत दोघी समोरासमोर आल्या.

“रात्री झोपत नाही वाटतं तुम्ही?” धाकटीने विचारलं.

“म्हातारी झोपू देईल तर ना.”

भिंत घातली तेव्हा भांडी मोजून वाटली गेली होती. अंथरुणाला खिळलेली सासू मात्र न मोजता थोरलीकडे गेली होती.

“मला तर कधी काही ऐकू येत नाही.”

“कसं येईल? तुझ्या नवऱ्याने भिंत चांगली जाड घातलीय. अन् म्हातारीच्या आवाजात जीव तरी कुठे उरलाय? पण रात्रभर हाका चालू असतात.”

“कुणाला?”

“तुला. ‘धाकटे, अगं धाकटे.’”

धाकटीच्या हातातलं फूल हातातच राहिलं. “आणि मग?”

“मग काय?” थोरलीने जांभई देत पुढची फांदी जवळ ओढली. “मी ओ देते.”